पित्त उठतं का?

भूलतज्ज्ञाला पेशंट ओळखत नाही. पेढे सर्जनला मिळतात, मी समोर दिसलो तर "तुम्ही कंपाउंडर का?" एवढीच चौकशी होते. माझी तक्रार नाही. बॅग स्कूटरला अडकवून मी पुण्यातल्या सात-आठ नर्सिंग होममध्ये फिरतो, आणि काम झालं की निघतो.

विमलाबाई मात्र डोक्यातून जात नाहीत. १९९८ साल, नारायण पेठ, हर्नियाचं साधं ऑपरेशन. "कशाची अ‍ॅलर्जी?" मी विचारलं. "छे हो," नऊवारीचा पदर सावरत त्या हळू आवाजात म्हणाल्या. औषध शिरेत गेलं आणि अंग लालभडक झालं, श्वासनळी आवळली, रक्तदाब कोसळला. त्या टेबलावरच गेल्या. बाहेर त्यांचे यजमान रंगराव मला म्हणाले, "गोळ्यांनी पित्त उठायचं तिला अंगावर. पण ती काही अ‍ॅलर्जी नव्हे ना?"

मराठीत विचारलं असतं तर बाई जगली असती. याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून प्रत्येकाला विचारू लागलो: पित्त उठतं का? अंगावर गांधी येतात का?

२००४ च्या उन्हाळ्यात हिंजवडीजवळच्या माणच्या सरुबाई ऑपरेशनला आल्या. त्यांचं शेत आयटी पार्कात गेलेलं. माझा प्रश्न ऐकून त्या वैतागल्याच.

"किती डाव सांगू? त्या बाईला सांगितलं की, सुई टोचली का गांधी उठत्यात."

"कोणती बाई?"

"तुमचीच हाय न्हवं? नऊवारीतली. लई हळू बोलती."

त्या नर्सिंग होममध्ये दोनच नर्स होत्या, दोघी युनिफॉर्ममध्ये, सकाळपासून थिएटरात. मी ऑपरेशन पुढे ढकललं. नंतर त्वचेवर चाचणी केली, तर माझ्या नेहमीच्या औषधानं बोराएवढी गांध उठली.

मग औंधला तेच. हडपसरला तेच. हॉस्पिटल वेगळं, स्टाफ वेगळा, आणि पेशंट म्हणणार, "मघाशी त्या बाईंनी विचारलं ना." दर वेळी चाचणीत औषध बाधायचं. मला एका जागी बसवेना. जिने बघायचो, पडदे सरकवून बघायचो. बोललो कुणाशी नाही. भूलतज्ज्ञच भुलला म्हणून पेठांमध्ये महिनाभर गाजलं असतं.

आणि खरं सांगायचं तर मी आळशी झालो. पित्ताचं विचारणं सुटलं. मी एवढंच विचारायचो, "कुणा बाईंनी काही विचारलं का?" 'नाही' म्हटलं की निर्धास्त.

नम्रता अकोल्याची, चोवीस वर्षांची, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. अपेंडिक्स. पोट धरूनही हातातला मोबाइल सुटत नव्हता.

"नाही सर, कुणीच काही नाही विचारलं. लवकर स्टार्ट करा ना, मंडेला रिलीज आहे."

तिला भूल दिली. शिरेतून अँटिबायोटिक सोडलं.

मिनिटभरात छाती लाल झाली. मग मान.

श्वासाची पिशवी दाबली. हवा आत जाईना.

नाडी लागेना.

अ‍ॅड्रेनलिन. पुन्हा अ‍ॅड्रेनलिन.

वीस मिनिटांनी नाडी लागली.

दोन दिवसांनी तिच्या घशातली नळी काढली. मी कॉटपाशी गेलो.

"नम्रता, कधी पित्त उठलं होतं का गं अंगावर?"

"हो. कॉलेजला होते तेव्हा, अँटिबायोटिकनं." आवाज घोगरा झाला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुठे, सर?"

मी स्टुलावर बसलो. "आणि ती बाई? खरंच आली नव्हती?"

"नऊवारीतल्या काकू? आल्या होत्या ना. तुमच्या आधीपासून दाराशी उभ्या होत्या. पण त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, काकू, काही हवंय का?"

"मग?"

"म्हणाल्या, 'नको गं. आज डॉक्टर विचारतात का, तेवढं बघायला आलेय.'"