फळ्या कोण टाकतं?

त्या गाडीतून रोज कामाला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, हे त्याला बहिणीनं सांगून झालं होतं, बायकोनं सांगून झालं होतं, आणि दवाखान्याखालच्या पार्किंगचा रखवालदार तर न बोलता नुसत्या हसण्यानंच सांगायचा.

गाडी दिसायला छोटीशी हॅचबॅक. पण कंपनीनं तसल्या मोजक्याच काढलेल्या, वेगाच्या शौकिनांसाठी. डॅशबोर्डवर तिचा क्रमांक कोरलेली पितळी पट्टी. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट मुळातच नाही, तिथं नुसता एक लाल आडवा दांडा. पुढच्या दोन सीटा इतक्या खोलगट आणि कडक, की उतरताना धडधाकट माणूसही कण्हायचा. शौकीन लोक अशी गाडी कापडाखाली झाकून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी पुसतात. हा तिच्यातून कोबी आणायचा.

त्याचं काम लोकांचे कान तपासायचं. दिवसभर बारीकसारीक आवाजांच्या मागे राहणाऱ्या माणसानं अशी गोंगाट करणारी गाडी घ्यावी, याची दवाखान्यात भरपूर थट्टा व्हायची. ट्रॅफिकमध्ये ती गुरगुरत सरकायची, आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की सायलेन्सरमधून फट् फट् असे दोन बार उडायचे. शेजारच्या रिक्षावाल्यानं दचकून बघितलं की ह्याला मनातून गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोला?

गाडी ज्या बाईंकडून घेतली, त्यांचा नवरा नुकताच वारला होता. त्यांनी एकच अट घातली होती.

"रोज चालवा. आणि संध्याकाळी घरी आणा. दुसरीकडे ठेवू नका."

मग त्यांनी अंगणातून दोन लाकडी फळ्या आणून डिकीत टाकल्या. चाकांनी झिजून फळ्यांवर पन्हाळीसारखे खोलगट पट्टे पडले होते. "या लागतील. पुढून फार खाली आहे ती. फाटकाशी पोट घासतं."

लागल्याच. त्याच्या फाटकासमोर गटारावर सिमेंटचा उंचवटा होता, आणि फळ्या टाकल्याशिवाय गाडी आत येईना. हे काम आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आपणहून अंगावर घेतलं. आप्पांचं आयुष्य छापखान्याच्या खडखडाटात गेलेलं, तरी कान तरण्या पोरासारखे. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळली आणि ते दोन बार उडाले, की आप्पा खुर्चीतून उठायचे, चपला सरकवायचे आणि फळ्या टाकून फाटकाशी हवालदारासारखे उभे राहायचे. बायको औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असायची. घरात बापलेक दोघंच. आई गेल्यापासून आप्पांना दिवसभरात करण्याजोगं असं हे एवढंच काम उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर गाडी विकायचा विषय तो टाळायचा तो त्यासाठीच.

एका संध्याकाळी पुलावर एक ट्रक आडवा झाला आणि तो बराच वेळ अडकून पडला. घरी पोचला तेव्हा अंधारून येत होतं. फळ्या टाकलेल्या होत्या. आप्पा फाटकाशी गोंधळून उभे.

"अरे, पुन्हा कधी गेलास तू?"

"पुन्हा? मी आत्ताच येतोय आप्पा."

"मघाशी आलास की. काच खाली करून म्हणालास, बसा आप्पा, चक्कर मारू. मी म्हटलं, आधी चहा तरी घे. चहा टाकून बाहेर येतो तर तू गायब."

टेबलावर दोन कप होते. दोन्हीवर साय धरलेली.

गाडीचा संशय त्याच्या मनातही आला नाही, त्यानं सरळ फोन उचलला. ताईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, महिनाभर हेच वाटत होतं. आप्पा विसरायला लागलेत, त्यांना भास होतात, दिवसभर एकटं ठेवण्याजोगे ते राहिले नाहीत. तिनं वृद्धाश्रमसुद्धा बघून ठेवला होता.

"जीवावर येतं रे माझ्याही," ती फोनवर म्हणाली. "पण उद्या गॅस चालू ठेवून बाहेर पडले तर? रविवारी येते मी. काय ते ठरवून टाकू."

त्यानं फोन ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं. ते फळ्या पुसून भिंतीशी उभ्या करत होते, अगदी नीट, एकीला एक लावून. भास होणारा माणूस असा दिसतो? त्याला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी तो आप्पांना बरोबर घेऊनच कामाला गेला. दुपारी पेशंट नव्हते तेव्हा त्यांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. या खोलीचं दार लावलं की आत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, काहींना तर स्वतःचे श्वास ऐकून भीती वाटते. आप्पांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेबाहेर त्याच्यासमोर दिवा लागतो.

तपासणी सुरेख झाली. मग त्यानं ती युक्ती केली, जी त्याच्या धंद्यातले लोक संशय आला की करतात. आवाज पूर्ण बंद केला आणि नुसता बघत बसला.

दिवा लागला.

त्यानं हात मांडीवर घेतले. दिवा विझला नाही. आप्पांनी बटण दाबूनच धरलं होतं, मान किंचित कलती करून, लांबून काही जवळ येताना ऐकावं तशी. मग त्यांनी हेडफोन काढले आणि उठले.

तो दार उघडून आत गेला. "काय झालं आप्पा?"

"इथं फळ्या कुठं ठेवल्यात रे?"

आप्पांना खुर्चीत बसवून तो जिन्यानं खाली पार्किंगमध्ये गेला. आपण का जातोय हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. गाडी सकाळपासून त्याच खांबाशी उभी होती. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तापलेलं होतं. आत धातू थंड होताना होतो तसा टिक्… टिक्… आवाज येत होता.

"माझी गाडी कुणी हलवली का?"

"नाही साहेब," रखवालदार म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर आहे सकाळपासून. चावी तर तुमच्यापाशीच ना?"

चावी खिशातच होती.

त्यानं त्या बाईंना फोन लावला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून इंजिन आपोआप गरम होतं का, असं काहीतरी तो बरळला.

"फळ्या कोण टाकतं?" बाईंनी विचारलं.

"माझे वडील."

"आमच्याकडे सासरे टाकायचे…" त्यांचा आवाज अगदी खाली आला. "रोज वेळेवर घरी नेत जा हो. ती घरात असली की बाहेरून येत नाही."

फोन बंद झाला. नवरा गेल्यापासून बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पण मग तापलेलं बॉनेट? आप्पांना भास होतात हे खरं, की आपल्यालाच व्हायला लागलेत? डोक्याचा नुसता भुगा झाला.

रविवार तोंडावर आला होता. ताईला काहीतरी ठोस दाखवायला हवं होतं, आणि त्याला सुचलं ते कान तपासणाऱ्यालाच सुचावं असं. आवाजाचं मूळच काढून घ्यायचं, आणि माणसाला काय ऐकू येतं ते शेजारी बसून बघायचं. त्या शनिवारी त्यानं गाडी दवाखान्याखालीच ठेवली. कुलूप दोनदा तपासलं. बसनं घरी आला, उजेड असतानाच. चावी कोटात, कोट आतल्या खुंटीला.

दोघं ओसरीवर बसले. बारीक धुकं उतरत होतं. आप्पा वर्तमानपत्र वाचत होते, अंगाला बामाचा वास. सगळं इतकं साधं होतं की त्याचा जीव भांड्यात पडला. आज काही ऐकू आलं नाही, तर ताईला छातीठोकपणे सांगता येईल की म्हातारा ठणठणीत आहे.

आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आलास बघ."

"आप्पा… मी इथं आहे. तुमच्या शेजारी."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ बघून त्याला रडू यायचं बाकी राहिलं. "हो रे," ते हळूच म्हणाले. "पण मग तो…"

आणि मग ते त्यालाही ऐकू आलं. टाकीपाशी गुरगुर मंदावली. फट्. फट्. त्याच्या सरावलेल्या कानांना चुकायची सोयच नव्हती. ती त्याचीच गाडी होती.

कुणीतरी चोरली, एवढं एकच शहाणपणाचं कारण त्याला सुचलं. तो चावी बघायला आत धावला. कोटात हात घातला. चावी होती, आणि नुकतीच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी ऊबदार होती.

"आप्पा, फळ्या टाकू नका!" तो ओरडत बाहेर आला.

फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांच्यावर चाकांचे ओले पट्टे उमटले होते, पुढे येऊन मागे गेलेले. फाटक सताड उघडं. आप्पांच्या चपला पायरीवरच होत्या. आप्पा नव्हते.

टाकीपर्यंत तो अनवाणी धावला. धुक्यात काही नव्हतं. रिक्षा करून दवाखान्यात गेला, तर गाडी त्याच खांबाशी, कुलूपबंद. बॉनेट तापलेलं. आत शेजारच्या रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता, आणि दार उघडताच बामाचा वास आला.

पोलीस झाले, फोटो लावून झाले. पार्किंगच्या कॅमेऱ्यात ती गाडी संध्याकाळभर जागची हललेली नव्हती. ताई आली, रडली. शेवटी म्हणाली, "मी म्हणतच होते, ते एकटे कुठंतरी निघून जातील." त्यानं चावी खिशात खोल ढकलली.

बायको म्हणाली, विकून टाक ती. पण त्याचं मन होईना. आप्पा तिच्यातूनच गेले होते. आले तर तिच्यातूनच येतील. तो रोज तिच्यातून जात राहिला, आणि रोज वेळेवर घरी आणत राहिला. सकाळी फळ्या भिंतीशी उभ्या करून निघायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा घरात कुणी नसायचं, आणि फळ्या फाटकाशी टाकलेल्या असायच्या. अगदी नीट, चाकांच्या मापात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. पुढे पुढे त्या बघितल्या की बरं वाटायला लागलं. "आलो आप्पा," असं म्हणून तो गाडी आत घ्यायचा.

त्याला एकटं सोडायला नको म्हणून बायकोनं दुकानात सकाळची पाळी मागून घेतली. ती घरी असायची त्या पहिल्याच संध्याकाळी पुलावर पुन्हा गर्दी होती, आणि त्याला थोडा उशीर झाला.

फळ्या टाकलेल्या होत्या. फाटकाशी बायको उभी होती, तळहातांची माती झटकत. पायात चपला.

"आलो आप्पा" त्याच्या ओठांवरच राहिलं.

"फळ्या…" त्यानं काच खाली केली. "कुणी टाकल्या?"

"मीच की. आवाज आला ना मघाशी," ती जरा फणकाऱ्यानं म्हणाली. "स्वतःच म्हणालास, बस, चक्कर मारू. चपला घालून येते म्हटलं, तर तेवढाही धीर नाही. एवढी कसली घाई होती रे?"