दातांचा रकाना

“दातांचा रकाना कशाला? शेळी काय मुलाखतीला चाललीय?” भोंगा म्हणाला. तो साधं बोलला तरी पलीकडच्या शेडमधल्या शेळ्या कान टवकारत, म्हणून तर त्याचं नाव भोंगा.

जाड भिंगांमुळे जिला सगळे चष्मा म्हणत, ती मान वर न करता यादीच्या रेघा आखत राहिली. शेळीचं वय तिच्या खालच्या पुढच्या दातांवरून कळतं आणि घेणाऱ्याला आधी वय हवं असतं, असं आत्यानेच सांगितलं होतं. शेळीपालकांच्या संमेलनातला लिलाव यंदा आत्याच्या अंगावर होता. सुट्टीला आलेली ताई, तिचा धाकटा भाऊ भोंगा आणि शेजारची चष्मा, तिघांनी आठ दिवस खपून एक्केचाळीस शेळ्यांची यादी लिहिली, गळ्यात बांधायचे कापडी पट्टे शिवले, कप्प्याकप्प्यात पेंढा पसरला.

आत्याची कापशी मात्र विकायची नव्हती. ती नुसती दाखवायला आणली होती. तिचा पट्टा निळा, बाकीच्यांचे पिवळे, नंबर घातलेले. सुट्टीभर ताईचा एक नेम होता. सकाळी कापशीने तिच्या ओंजळीतला मका खाल्ल्याशिवाय ती स्वतः तोंडात काही घालत नसे.

लिलावाच्या सकाळी निळ्या पट्ट्याच्या शेळीने मका तोंडात घेतला, घोळवला आणि सगळा खाली सांडला. ताईने पुन्हा ओंजळ धरली. पुन्हा तेच.

“ही आपली कापशी नाही,” ताई हळूच म्हणाली.

भोंगा हसला. “काल केस भादरले, आज हौदावर धुतली. न्हाऊन आल्यावर तूसुद्धा ओळखू येत नाहीस.”

आत्या पाहुण्यांच्या धांदलीत होती. तिने लांबूनच सांगितलं, की गर्दीत जनावर बुजतं आणि खात नाही. उगाच मागे लागू नका. ताई मागे लागली नाही, पण जेवलीही नाही. पलीकडच्या मांडवात लिलाव सुरू झाला. लाकडी हातोड्याचा ठोका ऐकू आला, की एकेक शेळी जात होती. दुपार झाली, पोटात कावळे ओरडून थकले, तरी शेळी दाणा चावेना.

शेवटी चष्माने शेळीचा खालचा ओठ अलगद दाबला. पुढचे दात झिजून खुंट उरले होते. कापशीचे तर आठही दात तांदळासारखे स्वच्छ होते.

तिघं हौदाकडे धावली. तिथे शेळ्या धुणारे मामा बादल्या पालथ्या घालत होते. नवे पट्टे भिजू नयेत म्हणून आपण ते काढून खिळ्यांना लावले होते, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. शेवटी दोन पांढऱ्या शेळ्या उरल्या आणि दोन पट्टे. एक निळा, एक पिवळा.

“कुठला कुणाचा, ते कसं ओळखलंत?” चष्माने विचारलं.

“अंदाजाने,” मामा म्हणाले.

पिवळा पट्टा एक्केचाळीस नंबरचा होता. म्हातारी झालेली, दूध न देणारी शेवटची शेळी. ती कोण घेणार, हे मुलांनाही ठाऊक होतं. बाजारातले मटणवाले काका सकाळपासून तिच्यासाठीच बसून होते.

मुलं मांडवात पोहोचायला आणि ठोका पडायला एकच गाठ पडली. प्रत्येक शेळीचं तोंड उघडून दाखवायची पद्धत होती; पण शेवटची शेळी, जेवणाची वेळ, म्हणून लिलाव पुकारणाऱ्या बोलीवाल्यांनी ते टाळलं होतं. कापशी टेम्पोत चढलीसुद्धा. टेम्पो हलला.

“थांबा!” भोंगा ओरडला. मांडवभर माना वळल्या आणि टेम्पोही थांबला.

आत्या धावत आली. तिने कापशीला पाहताक्षणी ओळखलं आणि टेम्पोचा कठडा घट्ट धरला. पण ती म्हणाली, “हातोडा पडला की व्यवहार पुरा. हा नियम सकाळी मीच वाचून दाखवला. आज मी माझी शेळी नुसत्या शब्दावर उतरवली, तर उद्या सगळेच उतरवतील.”

ताईने टेम्पोच्या फळ्यांच्या फटीत हात घातला. कापशी तिच्या बोटांना नाक लावत होती.

तेवढ्यात चष्माने यादी उलगडली आणि मोठ्याने वाचलं, “एक्केचाळीस. पुढचे दात झिजलेले.”

बोलीवाल्यांनी मान खाली घातली आणि कापशीचं तोंड उघडलं. आठही दात स्वच्छ. मटणवाले काका शांतपणे म्हणाले, “मी झिजल्या दातांवर बोली लावली. माझी मला द्या, तुमची तुम्ही घ्या.”

मग काय, ध्वनिक्षेपकावरून तिघांचं कौतुक झालं. टाळ्या पडल्या. मामांनी कान पकडले. भोंग्याला एकदा तरी ओरडल्याबद्दल शाबासकी मिळाली.

पट्टे बदलायचं काम ताईकडे आलं. म्हाताऱ्या शेळीच्या गळ्यातला निळा पट्टा सोडताना तिची बोटं चालेनात.

“आत्या, हिला ठेवून घेऊ या ना.”

आत्या तिच्याजवळ उकिडवी बसली. “हिच्या मालकाने विकली, त्यांनी घेतली. ज्या नियमाने कापशी सुटली, बाळा, त्याच नियमाने ही जायची.”

ताईने मका दगडाने भरडला, पाण्यात भिजवला आणि ओंजळ पुढे केली. शेळीने सगळा खाल्ला. तळवाही चाटून घेतला. सकाळपासून ती हट्टी नव्हती, भुकेली होती.

टेम्पो गेला. आत्याने ताट वाढून आणलं आणि विचारलं, “खाल्लं ना कापशीने? मग तूही खा आता.”

“कापशीने नाही खाल्लं,” ताई म्हणाली. “आज तिने खाल्लं.”

तिने ताट जवळ ओढलं. हात अजून ओला होता. तो पुसायला आत्याने पदर पुढे केला, तर ताईने मूठ मिटून घेतली.