तिसऱ्या वाफ्याची माती

"कंटेनरला बाहेरून कुलूप आहे आणि माझे वडील आत आहेत. किल्ली त्यांच्याच कमरेला असते. लवकर या हो."

फोन आला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. चावीवालीनं अर्धवट घासलेली किल्ली तशीच सोडली, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "बाबा, मळ्यात जातेय. गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा."

वडिलांची नजर गेल्यापासून नऊ वर्षं दुकान तिच्याच गळ्यात होतं. या नऊ वर्षांत तिनं अडकलेली माणसं पुष्कळ सोडवली होती. न्हाणीघरातल्या सासवा, गाडीत कोंडली गेलेली पोरं, एकदा तर स्वतःच्याच तिजोरीच्या खोलीत बसलेला सराफ. पण उन्हात तापलेल्या लोखंडी कंटेनरमधला सत्तरीचा माणूस ही गोष्ट वेगळी होती. ती अक्षरशः धावली.

मळा दोन गल्ल्या पलीकडे होता. उंच इमारतींच्या बेचक्यात सापडलेला जमिनीचा तुकडा, सत्तर घरांनी मिळून कसलेला. चावीवालीचाही त्यात अर्धा वाफा होता, मिरच्यांचा. आज मळ्याचा शेवटचा दिवस. मातीत शिसं निघालं होतं. चार वाजता पालिकेची माणसं येऊन फाटकाला सील ठोकणार होती.

मळ्यातच राहून तो राखणाऱ्या आप्पांची मुलगी कंटेनरपाशी उभी होती. खांद्यावरची डब्याची पिशवी तिनं छातीशी घट्ट धरली होती. "आतून ठोकल्याचा आवाज आला," ती म्हणाली. "आता येत नाहीये."

कुलूप दाबून लागणारं होतं, लावायला किल्लीची गरज नाही. चावीवालीनं तारेचे दोन आकडे आत सरकवले. घामानं बोटं निसटत होती. चौथ्या प्रयत्नाला कुलूप सुटलं. दार ओढताच आतली गरम हवा तोंडावर आदळली.

आप्पा अगदी मागच्या टोकाला, बियाण्यांच्या पोत्यांआड जमिनीवर पडले होते. श्वास चालू होता.

दोघींनी त्यांना ओढून आंब्याच्या सावलीत आणलं. "पिशवीत पाणी असेल ना?" चावीवालीनं विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली आणि पिशवी न सोडताच नळाकडे पळाली.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. थंड पाण्याच्या पट्ट्या, सलाइन, अर्धा तास. मग आप्पांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, "वांग्यांना पाणी दिलं का कुणी?"

"म्हणजे वाचले," डॉक्टर म्हणाले. "अजून तासभर गेला असता तर मला वेगळा कागद लिहावा लागला असता."

फाटकावरून आलेले मास्तर हे ऐकून पुढे सरकले. मास्तर म्हणजे मळ्याच्या कमिटीचे अध्यक्ष, आयुष्यभर चित्रकला शिकवलेले. "कुणी केलं हे?" ते म्हणाले. "मळा जातोय तो जातोय, आता माणसाचा जीव घ्यायचा?"

उघडं कुलूप कुणी लावलं आणि का, हे विचारण्याची चावीवालीला जुनी खोड होती. ती परत कंटेनरपाशी गेली. दाराच्या आतल्या बाजूला मातीची बारीक पूड बसली होती, एकसारखी. तिनं बोट टेकवलं, ठसा लख्ख उमटला. दुसरा ठसा कुठेच नव्हता. उजवीकडच्या फळीवर काचेच्या बरण्यांची रांग होती. प्रत्येकीत माती आणि वर चिठ्ठी: वाफ्याचा नंबर, साल. रांगेच्या शेवटी धुळीत तीन स्वच्छ गोल होते. तिथल्या बरण्या नव्हत्या.

बाहेर येऊन ती आप्पांपाशी बसली. "आप्पा, काय झालं आठवतंय?"

"काय आठवायचं? पहाटे चारला उठलो, सगळ्या वाफ्यांना शेवटचं पाणी दिलं. दहाच्या सुमाराला पोत्यांमागे आडवा झालो. कानातलं यंत्र काढून ठेवलं. डोळा लागला. जाग आली ती तुम्ही पाणी मारत होतात तेव्हा."

"मधे उठला नाहीत? दार ठोकलं नाहीत?"

"झोपेत कसं ठोकणार, बाई?"

"आणि त्या तीन बरण्या?"

आप्पांचा चेहरा पडला. "गेल्या? तपासणीला माती दिली ना, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वाफ्याची, तेव्हा त्याच खड्ड्यातली मूठमूठ मी ठेवून घेतली होती. दरवर्षी ठेवतो. काल सभेत म्हणालो, सील लागू दे, पण मी ही माती दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवणार."

"सभेत कोण होतं?"

"मास्तर. आमची मुलगी. आणि पलीकडच्या सोसायटीचा सेक्रेटरी, न बोलावता आलेला."

सेक्रेटरीला बोलवावं लागलं नाही. गर्दी बघून तो स्वतःच आला, हातात मोजपट्टी घेऊन. मळ्याच्या जागेवर त्याला गाड्या लावायच्या होत्या आणि ते तो कुणापासून लपवतही नव्हता.

"तुम्ही आज आत आला होतात?" चावीवालीनं विचारलं.

"आलो होतो. सव्वाअकराला. मोजायला. गुन्हा आहे का?"

"कंटेनरपाशी गेलात?"

"गेलो. त्याची लांबी घेतली. कुलूप लावलेलं होतं."

"आतून काही आवाज?"

"काही नाही." मग त्याचा आवाज जरा उतरला. "आवाज आला असता तर उघडलं असतं हो. गाड्या लावायच्यात मला, माणसं पुरायची नाहीत."

मास्तरांनी दुजोरा दिला. आप्पांना बाहेर काढेपर्यंत ते फाटकावरून हलले नव्हते. सभासदांना दोननंतर बोलावलं होतं, रोपं न्यायला. तोवर आत फक्त तिघं: आप्पा, अकराला डबा घेऊन आलेली मुलगी आणि सव्वाअकराचा सेक्रेटरी. सेक्रेटरी रिकाम्या हातांनी परत गेला, नुसती मोजपट्टी होती. मुलगी मात्र आतच होती.

"मास्तर, नमुन्यांच्या पिशव्या बंद कुणी केल्या?"

मास्तर चुळबुळले. "नियमानं मी. सहीची पट्टी लावून. पण त्या दिवशी माझे गुडघे... मी आदल्या संध्याकाळी सह्या करून पट्ट्यांचा अख्खा कागद दिला होता. दहा पट्ट्या. फाटली तर दुसरी असावी म्हणून."

"कुणाकडे दिलात?"

"हिच्याकडे." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तीच नेणार होती ना स्कूटरवरून."

मुलगी आप्पांच्या पायाशी बसून थंड पाण्यात फडकं भिजवत होती. मान वर केली नाही.

चावीवाली फाटकापाशी गेली. तिथे पालिकेची नोटीस चिकटवलेली होती आणि खाली तपासणीचा अहवाल. गेला आठवडाभर सगळ्यांनी त्यातला एकच आकडा वाचला होता, लाल शाईत गोल केलेला. तिनं पहिली ओळ वाचली. नमुन्याचं वर्णन: काळी माती, राखमिश्रित, काचेचे बारीक कण. तिन्ही नमुन्यांना तेच.

ती तिसऱ्या वाफ्याशी वाकली, मूठभर माती उचलली आणि तळहातावर पसरली. माती तांबूस होती. भुसभुशीत, नारळाच्या काथ्यासकट. स्वतःच्या वाफ्यात तिनं हीच माती चार वर्षं उकरली होती आणि अहवाल ऐकल्यापासून आठवडाभर नखं घासघासून धुतली होती.

आप्पा राहायचे त्या कोपऱ्यातल्या खोपट्यात तिनं डोकावलं. टेबलावर डबा होता. उघडून पाहिला. पोळी-भाजी जशीच्या तशी.

परत येताना ती वाटेत थांबली. हे कोडं सुटलं तर कुणाचं भलं होणार, असा प्रश्न तिला पडला. घड्याळात साडेतीन वाजले होते. अर्ध्या तासात मळ्याला टाळं आणि सत्तर घरांच्या पोटात कायमची भीती. गप्प बसणंही तिला जमेना.

"मास्तर, बसा," ती म्हणाली. "सेक्रेटरी, तुम्हीपण थांबा. मला जे दिसलं ते सांगते. चुकत असेन तर कान धरा."

सगळे, रोपं न्यायला आलेले सभासदसुद्धा, आंब्याखाली जमले.

"आप्पांना कुणी कोंडलं नाही. कोंडणाऱ्याला आप्पा आत आहेत हेच माहीत नव्हतं. तो आला बरण्यांसाठी. दार उघडंच होतं, बरण्या दाराजवळच. पोत्यांआड झोपलेला माणूस त्याला दिसला नाही आणि यंत्र काढलेल्या आप्पांना तो ऐकू आला नाही. जाताना त्यानं कुलूप दाबलं, म्हणजे बरण्या गेल्याचं आज कुणाला कळू नये. चारला सील लागलं की विषय संपला."

"पण बरण्यांना एवढं काय?" सेक्रेटरी म्हणाला.

"त्यात खरी माती होती. अहवालात आहे ती माती या मळ्यातली नाही, काका. ती काळी आहे, तिच्यात राख आणि काच आहे. आपली तांबडी. आकडा बघून सगळे इतके घाबरलो की पहिली ओळ कुणी वाचलीच नाही. पिशव्या रस्त्यात बदलल्या. सही केलेल्या दहा पट्ट्यांपैकी तीन खऱ्या पिशव्यांवर लागल्या, तीन खोट्यांवर."

मास्तर फाटकावरच्या अहवालाकडे वळून बघू लागले.

"राहिलं आजचं. मी इथे पोचले तेव्हा मला सांगितलं, आतून ठोकल्याचा आवाज आला. पण आप्पांनी ठोकलंच नाही. दाराच्या आतल्या धुळीवर बोटाचासुद्धा डाग नाही. मग आप्पा आत आहेत हे फोन करणाऱ्याला कसं कळलं?" ती क्षणभर थांबली. "आणि डबा खोपट्यात भरलेला पडलाय. मग ताई, तुमच्या पिशवीत सकाळपासून इतकं जड काय आहे?"

मुलीनं पिशवीची चेन उघडली आणि तीन बरण्या एकेक करून मातीवर ठेवल्या.

"मी डबा ठेवला," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "बरण्या घेतल्या, कुलूप लावलं. मग आप्पांना शोधलं. खोपट्यात नाहीत, वाफ्यांवर नाहीत, विहिरीपाशी नाहीत. तासभर हिंडले. मग कंटेनरबाहेरच्या बाकाखाली त्यांच्या चपला दिसल्या." तिनं तोंडावर हात दाबला. "किल्ली त्यांच्या कमरेला. मीच त्यांना..."

"कुठली माती होती ती?" आप्पांनी विचारलं.

"बॅटरीच्या बंद कारखान्यामागची."

"का?"

"दोनदा बढतीवर बदली आली, दोनदा नाकारली. तुम्ही दोनदा इथे पडलात. कळलं तेही शेजाऱ्यांकडून. घरी चला म्हटलं की तुम्ही म्हणता, मळा बंद झाला की येईन. अकरा वर्षं हेच. ऑफिसातून मळा, मळ्यातून घर. मला वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचा बंद. मला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, आप्पा."

मास्तर उठले. "माझ्या चार वर्षांच्या नातीच्या हातात सुई खुपसली आम्ही. रक्त तपासायला. पोर रात्रभर विचारत होती, पालक खाल्ला म्हणून मी मरणार का. ते कुणाला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून?"

चावीवालीला वाटलं होतं, आपल्याला मुलीचा राग येईल. आला नाही. शटर ओढताना कितीतरी संध्याकाळी तिच्याही मनात आलं होतं की दुकान एकदाचं जळून जावं. फरक एवढाच, की तिनं काडी ओढली नव्हती.

चारला पालिकेचा अधिकारी आला, सोबत दोन माणसं आणि पत्र्याचं सील. कुणी काही बोलायच्या आत मुलगी उठली, बरण्या उचलल्या आणि फाटकाकडे चालू लागली. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. अधिकारी दोनदा म्हणाला, "बाई, विचार करून बोला." ती थांबली नाही.

"तिचं पूर्ण लिहून घ्या," आप्पा सावलीतून म्हणाले. "माझी मुलगी म्हणून एक ओळ गाळू नका."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. बरण्या आणि वाफ्यांतली नवी माती त्यानं सर्वांसमोर बंद केली. या वेळी मास्तरांनी प्रत्येक पट्टीवर तिथेच, गुडघ्यांवर बसून सही केली. "नवा अहवाल येईपर्यंत सील मात्र लावावंच लागेल," अधिकारी म्हणाला. "तीन आठवडे. माझ्या हातात नाही."

"तीन आठवड्यांत सगळं वाळेल," मास्तर म्हणाले.

"माझ्या गच्चीवर नळ आहे," सेक्रेटरी भिंतीकडे बघत पुटपुटला. "पाइप इथवर पोचतो. आत यायचं नाही म्हणालात, पाणी सोडायचं नाही असं नाही म्हणालात."

अधिकाऱ्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सगळे बाहेर आले. पत्रा ठोकला गेला. आप्पा रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसले होते, अनवाणी. मुलगी चार हात लांब उभी होती. जवळ जायचं की नाही, तिला ठरवता येत नव्हतं.

"बदली कुठे होती?" आप्पांनी विचारलं.

तिनं शहराचं नाव सांगितलं. एका दिवसाचा प्रवास.

"परत विचारतील?"

"आता कोण विचारणार आहे मला? नोकरी राहिली तर नशीब."

"राहिली तर तू विचार," आप्पा म्हणाले. "मी इथे भांडून राहीन किंवा मास्तरांच्या ओट्यावर राहीन, ते माझं मी बघेन. तुझ्यावर मी रागावलोय आणि बरेच दिवस रागावलेला राहणार आहे. ते ऐकायला तू इथे थांबायची गरज नाही."

मुलगी तिथेच फुटपाथवर बसली आणि पहिल्यांदाच रडली.