पदरातला तांबडा धागा

"हे पॅन्ट मले होईल का?"

अलकनंदानं मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण तिच्या बाबांची खाकी पॅन्ट कमरेला लावून उभा होता. पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर.

"पॅन्टलाच विचारा," ती म्हणाली. "मी काही शिंपी नाही!"

तो हसला. हसताना उगाच खाली बघितलं त्यानं... आणि अलकनंदानंही उगाच पुढचे कपडे सारखे केले.

बालाघाटच्या आठवडी बाजारात जुने कपडे मांडून बसायची तिची ही पहिलीच वेळ. बाबा जंगलखात्यातून रिटायर झाले, घर लहान झालं, पेट्या उपसल्या गेल्या. आई म्हणाली, भांडेवालीला दे आणि दोन पातेली घे, सगळं जग तेच करतं. मास्तरीण झालेली मुलगी बाजारात बसणार म्हटल्यावर आईनं दोन दिवस अबोला धरला. पण अलकनंदाला बघायचं होतं, आपले कपडे कुणाच्या अंगावर जातात ते.

आणि काय बघायला मिळालं! तिचा पिवळा परकर घेऊन एका पोरीनं भर बाजारात गिरकी मारली. आपलं जुनं दुसऱ्याच्या अंगावर नवं होताना बघण्यात इतकं सुख असतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"पॅन्ट कशाला हवी?" तिनं विचारलं.

"उद्यापासून मँगनीजच्या खदानीत लागलो, भरवेलीले. धोतरानं थोडंच जमते तिथं?"

"आणि आजपर्यंत?"

"वारासिवनीले आमचा माग हाये घरी. मी विणतो. म्हणजे... आजपर्यंत विणत होतो." त्यानं पॅन्टची घडी केली. "लोकं मिलचं कापड घेतेत. आपण डोळे फोडून विणा, कोणाले फरक पडते का?"

नाव नंदकिशोर, हेही त्यानं सांगून टाकलं. तिनं विचारलं नव्हतं, पण विचारायचं मनात होतं.

पॅन्ट उचलली तिथं खाली वांगी रंगाचं एक पातळ होतं. त्याचा हात थबकला. त्यानं पातळ उलगडलं, पदर उन्हात धरला, अगदी डोळ्यांशी नेला. पदराच्या टोकाशी एक बारीक, मोकळी रेघ होती.

"इथं एक तांबडा धागा होता," तो हळूच म्हणाला.

अलकनंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "तुम्हाला... कसं माहीत?"

"मीच टाकला होता. माझ्या हातचं पहिलं पातळ हे! बाप ओरडला, गिऱ्हाईक म्हणेल, चूक हाये. तरी बी टाकला, खूण म्हणून. कोणं काढला?"

"मी. काल रात्री." तिचा आवाज बारीक झाला. "जुनं पातळ दुसऱ्याला देताना पदराचा एक धागा काढून घरी ठेवायचा... आमच्या आजोबांची रीत."

"अरे! म्हणजे तुम्ही कोष्ट्याच्या घरच्या!"

"आजोबांचा माग होता. बाबांनी नोकरी धरली."

"पण एवढ्या धाग्यांत हाच काहून काढला?"

"सगळ्यांत सुंदर तोच होता ना..."

बोलून गेली आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

तो मात्र पातळ वाचतच होता. "हे शाईचे डाग?"

"मॅट्रिकच्या पेपरचे. मी नेसलेलं पहिलं पातळ आहे ते."

"अन् हे रफू?"

"सायकलची चेन."

"खांद्यावर लई विरलं..."

"सहा वर्षं पदर तिथंच असायचा."

आजूबाजूला कांद्याचा, मिरच्यांचा गलका चालला होता. सहा वर्षं आपण याच्या हातचं अंगाला लपेटून हिंडलो — शाळेत, लग्नांत, वैनगंगेच्या काठी — आणि हा माणूस आपल्याला ठाऊकसुद्धा नव्हता! तिला एकदम देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

"मले द्या हे," तो म्हणाला. "म्हणाल ते देतो."

तिला द्यावंसं वाटलं, फार वाटलं. पण तिनं मान हलवली. "सकाळी कमलाबाई म्हणून एक बाई पसंत करून गेल्या, त्यांना शब्द दिलाय. लेकीला आणायला गेल्यात."

"मी विणलं, तरी बी?"

"तुम्ही पेटीत ठेवाल. पातळ नेसायला असतं."

त्याचा चेहरा उतरला. पॅन्ट काखेत मारून तो बाजूला झाला, पण गेला नाही.

कमलाबाई आली, सोबत पंधराएक वर्षांची ललिता. फ्रॉकवरूनच मायनं तिला पातळ गुंडाळलं, निऱ्या खोचल्या. ललिता दोन पावलं चालली... आणि तिची चालच बदलली. मान ताठ, एक हात पदरावर.

"माय, कसं दिसते वो?"

अलकनंदानं नंदकिशोरकडे बघितलं. तो तोंड किंचित उघडं ठेवून बघत होता, डोळे भरलेले.

कमलाबाई पदर बोटांत चोळून म्हणाली, "अजून दहा वर्षं जाते हे. असं आता कोण विणते?"

"हे विणतात," अलकनंदानं बोट दाखवलं.

कमलाबाईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तू? मंग खाकी पॅन्ट काहून घेऊन राह्यला रे?"

मायलेकी निघाल्या. गर्दीत ते वांगी पातळ दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं पॅन्ट नीट घडी करून जागेवर ठेवली.

"उद्या मागावरच बसतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

अलकनंदानं पर्समधून कागदाची पुडी काढली. आत तांबडा धागा होता, बोटावर गुंडाळून वेटोळं केलेला. तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला.

"अन् हा? रीत तर घरी ठेवायची हाये न!" तो गोंधळला.

तिनं मान खाली घातली. इतका वेळ ती शाळेतली शुद्ध मराठी बोलत होती. आता ओठांवर आजोबांची बोली आली.

"हौ... मी घरीच ठेवून राह्यली."

त्याला कळायला जरा वेळ लागला. तिनं कुठलं घर म्हटलं हे कळलं, तेव्हा त्याची मूठ घट्ट मिटली. बाबांची खाकी पॅन्ट मात्र त्या दिवशी कुणीच घेतली नाही.