खर्जाची पेटी

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. पण हे घडलेलं आहे. जव्हार संस्थान होतं तेव्हा, मोखाड्यात, १९३८च्या आश्विनात. आणि ज्याच्यावर गुदरलं तो सखा उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

सखा मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून गावी परतला होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा सेट आणि त्याचा स्पीकर, दोन्ही त्यानं हातानं जुळवलेले. त्या पावसाळ्यात ओल लागून स्पीकरचा कागदी पडदा कुजला. बदली म्हणून त्यानं मुंबईहून दोन जुने स्पीकर आणले. एक वाटीएवढा, जुन्या पेटीत सहज बसणारा. दुसरा परातीएवढा.

बायको सरू म्हणाली, लहानच बसव. पण सखाला खर्ज हवा होता. ढोल छातीत घुमला पाहिजे. वाटीएवढ्या पडद्यातून तो यायचा नाही, आणि परातीएवढा पडदा लहान पेटीत गुदमरायचा. म्हणून त्यानं जिव्या सुताराकडून मोठी पेटी करून घेतली. फळ्या झणझणू नयेत म्हणून आत सावरीचा कापूस भरला आणि मागची फळी स्क्रूनं आवळली.

आवाज झकास आला.

पण गाणं संपलं, की...

कुणीतरी लांब श्वास सोडायचं.

सखानं तारा तपासल्या. शेवटी बॅटरीच काढून ठेवली. सेट मुका झाला.

श्वास चालूच होता.

दिवेलागणीला सरू चूल पेटवत होती. सखानं पेटीला कान लावला. आतून, अगदी खालच्या सुरात...

"पाय मावत नाय."

सरूच्या हातातली फुंकणी खाली पडली. म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

सखाचा पहिला संशय जिव्यावर. यानंच काहीतरी करणी केली असणार. त्याला घरी आणून सखानं त्याच्यादेखत मागची फळी काढली. आत कुणी नव्हतं.

फक्त कापूस... तळाशी दबलेला. वासरू बसून उठल्यावर पेंढा दबतो तसा.

जिव्यानं कडेच्या फळीवरून हात फिरवला.

"फळ्या मी कापल्या, सखा. माप तुझं होतं."

आणि पाणीही न पिता निघून गेला.

सरू म्हणत होती, दरीत फेकून दे. सखा ऐकेना. मोठ्या पडद्याला हवा कमी पडली की पेटी कण्हते, हे तो मुंबईत शिकला होता. हेही तेच, असं त्यानं मनाला पटवलं. पटलं नव्हतं. तरी त्याच फळ्यांना जोड देऊन त्यानं पेटी चांगली ऐसपैस केली.

श्वास थांबला.

ढोल असा घुमला, की शेजारपाजारचे दारात जमले. सखा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरू पेटीजवळ गेली. शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिचं डोकं पेटीच्या वरच्या कडेशी बरोबर आलं.

"हे माप कुठून काढलंस?" तिनं विचारलं.

"कानानं. का?"

"माणूस बसंल एवढी झालीय."

तेवढ्यात मागच्या फळीवर टकटक झाली.

आतून.

बॅटरी तर रात्रीच काढलेली होती. सखानं एकेक स्क्रू सोडवला. फळी खाली आली. आत काही नाही. कापूस मात्र आता चारी बाजूंनी दबलेला. त्यानं हात लावला...

उबदार होता.

शेजारी सरूला एकदम शहारा आला. दार तर बंद होतं.

त्या दिवसापासून पेटी कायमची गप्प झाली. सखानं ती फोडून चुलीत घातली. लहान स्पीकर जुन्या पेटीत बसवला. सगळं मिटलं असं त्याला वाटलं.

पण सरूचं बोलणं कमी झालं. काम आटोपलं की ती कोपऱ्यात जाऊन बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. एका संध्याकाळी सखानं विचारलं, बरं नाही का?

तिनं पाय हळूहळू पुढे पसरले. अगदी लांब. मग त्याच्याकडे बघून हसली. आवाज तिचा नव्हता असं नाही... पण फार खालून आला.

"इथं ऐसपैस हाय."

सरू पुढे पुष्कळ वर्षं जगली. शेतात राबली, पोरं वाढवली. गावात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

सखा मात्र मरेपर्यंत तिच्याकडे पाठ करून कधी बसला नाही.