दाराच्या अलीकडून

हे खरं घडलंय. माझ्यासमोर आणि माझ्या आईसमोर घडलंय. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आता... आता मला त्या विषयावर बोलायलाच आवडत नाही.

यात मध्यरात्र वगैरे काही नाही. जे व्हायचं ते रोज पावणेपाचला व्हायचं. लख्ख उजेडात. बाहेर पोरं सायकली फिरवत असताना.

मी चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासतो. सकाळी सहाची पाळी, अडीचपर्यंत घरी. वडील गेल्यावर मी आणि आई दोघंच उरलो. शहरात मनासारखं घर मिळेना, म्हणून शहराच्या कडेच्या एका खेड्यात भाड्यानं घर बघितलं. खेडं म्हणायचं आपलं. बस जिथे वळसा घेऊन परत फिरते तिथलं. अर्ध्या शेतांत प्लॉटचे खांब रोवलेले, अर्ध्यांत अजून कोबी. आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या बाजूला आमच्यासारखे भाडेकरू.

घरमालक रिटायर झालेले बस ड्रायव्हर. सगळं गाव त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचं. घर दाखवताना म्हणाले, "दोन खोल्या, मागे नळ, आणि ही पायरी. उतरताना सांभाळून! तीस वर्षं कंडक्टरचं हेच ऐकलंय, आता तोंडात बसलंय."

आई हसली. खूप दिवसांनी.

आतल्या खोलीत एक दार होतं. त्याच्या पलीकडे मालकांची खोली. दाराला दोन्ही बाजूंनी कड्या, आणि वरून भिंतीचाच हिरवा रंग मारलेला.

काकू तोवर गप्प होत्या. जाता जाता म्हणाल्या, "या दाराला कपाट लावू नका हं. बाकी घर तुमचंच समजा."

"का हो काकू?"

"असंच."

काका खाली बघत राहिले.

आम्ही दारापासून दोन हात जागा सोडून आईची खाट टाकली. खिडकीचा वारा तिथेच यायचा.

आठवडाभरात एक गोष्ट लक्षात आली...

पावणेपाच वाजले की दारावर आवाज यायचा. टक... टक. हलका, बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखा. क्षणभरानं पुन्हा, टक टक. मग शांत.

मला वाटलं, पलीकडे काकूंचं काहीतरी चाललं असेल. खिळा ठोकत असतील, डबा आपटत असतील. रोज त्याच वेळेला कोण खिळा ठोकतं, हे मनात आलं नाही. दमून आलेल्या माणसाला प्रश्न कमीच पडतात.

एक दिवस आई म्हणाली, "बघ रे, दार वाजतंय."

"काकू असतील पलीकडे," मी हातानं पलीकडची खूण करत म्हणालो.

"पलीकडे नाही. इथे, अलीकडे. खाली, माझ्या गादीच्या उंचीवर."

मी काहीतरी बोलणार होतो... आणि माझी नजर खिडकीकडे गेली.

माझ्या आईचा उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्या कानाला मशीन लावल्याशिवाय तिला ट्रकचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

मशीन खिडकीत ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. आईचं बरोबर होतं. पहिली टकटक आमच्या खोलीतून यायची. दुसरी पलीकडून. कुणीतरी हाक मारायचं आणि कुणीतरी ओ द्यायचं.

ओ देणाऱ्या काकू होत्या.

हाक मारणारं... कुणीच नव्हतं. खाट, दोन हात मोकळी फरशी आणि दार.

मी आईला काही विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. घर मिळवायला किती उंबरे झिजवले होते ते दोघांनाही आठवत होतं.

मग तो गुरुवार आला.

काकूंचा जुना चष्मा बाद झाला होता. सुईत दोरा ओवता येईना. मी त्यांच्या नंबरची भिंगं घासून, जुन्याच फ्रेममध्ये बसवून आणली. काका शहरात गेले होते. काकू पुढच्या दाराला कुलूप लावून आमच्याकडे आल्या, खाटेवर बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अगंबाई!" आईकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या गालावर तीळ आहे होय! सहा महिने झाले, मला दिसलाच नव्हता."

दोघी हसल्या. मग गप्पांत गुंगल्या. मी स्टोव्हवर चहा ठेवला.

अचानक काकू म्हणाल्या, "किती वाजले रे?"

मी घड्याळाकडे बघितलं. तोंड उघडलं...

टक... टक.

काकूंच्या पायापासून हातभर अंतरावर.

चहा उतू गेला, तरी हात हलेना.

काकूंनी दाराकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. नव्या चष्म्यातून, एकटक.

"तुला ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

मी स्टोव्ह बंद करायला वळलो.

"आलं ना? सांग ना रे, आलं ना?"

आई म्हणाली, "मला तर रोजच येतं."

काकू रडायला लागल्या. रडता रडता हसत होत्या. "हे म्हणतात मला भास होतात. चार वर्षं गोळ्या घेतेय मी भासाच्या! चार वर्षं!"

त्या फरशीवर बसल्या आणि दारावर बोटानं दोनदा वाजवलं. मग मोकळ्या जागेतून हात फिरवत राहिल्या. आंधळं माणूस चाचपडतं तसा.

"इथेच आहे रे ती. इथेच आहे... आणि नव्या चष्म्यानंही दिसत नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एकुलती एक मुलगी होती. सव्वीस वर्षांची. आजारानं आधी पाय गेले, मग आवाज गेला. शेवटची दोन वर्षं ती याच खोलीत, याच दाराला लागून पडून होती. काही हवं असलं की दारावर दोनदा वाजवायची. काकू पलीकडून दोनदा वाजवायच्या. म्हणजे, आले.

"त्या दिवशी पावणेपाचला वाजवलं तिनं," काकू म्हणाल्या. "मी नुकती आडवी झाले होते. म्हटलं, दोन मिनिटांनी जाऊ. डोळा लागला गं माझा... उठले तेव्हा सहा वाजून गेले होते."

आईनं त्यांचा हात धरला. मी सांडलेला चहा पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसच्या थांब्यावर ड्रायव्हरकाका माझी वाट बघत उभे होते. थंडी होती. अंगात स्वेटरही नव्हता.

"माझं एक काम कर," ते म्हणाले. "तिला सांग, काही ऐकू आलं नाही."

"काका, पण..."

"तिच्या हृदयाचं ऑपरेशन करायचंय. वर्ष झालं डॉक्टर मागे लागलेत. ही तयार होत नाही. म्हणते, मी दवाखान्यात पडून राहिले तर पावणेपाचला ओ कोण देणार? कशीबशी वळवत आणली होती. आणि काल..." त्यांचा आवाज फुटला. "काल ती म्हणाली, आता तर मी मुळीच जाणार नाही. पोरा, हात जोडतो. ती मरेल रे."

माझी बस आली. तिचा ड्रायव्हर काकांना ओळखत होता. त्यानं हॉर्न दिला नाही, नुसता थांबून राहिला.

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो.

"काकू, काल ते... नळाच्या पाइपाचा आवाज होता. आज मी बघितलं. आणि आईचं काय, मशीनमुळे तिला काहीही ऐकू येतं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझा चेहरा बघितला होता मी."

"तुम्ही रडायला लागलात म्हणून घाबरलो हो."

रडण्याआधीच त्यांनी चेहरा बघितला होता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

काकूंनी चष्मा काढला. पदरानं सावकाश पुसला. परत घातला नाही.

"बरं," एवढंच म्हणाल्या.

दहा दिवसांनी त्या दवाखान्यात भरती झाल्या. काकाही सोबत गेले. पुढची खोली बंद झाली.

पहिल्या दिवशी पावणेपाचला...

टक... टक.

ओ देणारं कुणी नव्हतं.

थोडा वेळ गेला. पुन्हा टक... टक.

आई स्वयंपाकघरात येऊन बसली. मशीन काढून ठेवलं, कानांवर हात ठेवले. काही उपयोग झाला नाही. तिला तसंही ते कानांनी ऐकू येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागेपर्यंत चाललं. तिसऱ्या दिवशीही. मी चिडायचो, दाराकडे बघून म्हणायचो, "बास ना आता!" मग माझीच मला लाज वाटायची. आजारी माणसावर ओरडल्यासारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी आवाज अगदी बारीक झाला. हातातली ताकद संपत आल्यासारखा.

टक...

बराच वेळ...

टक.

आईला राहवलं नाही. मी "आई, नको" म्हणेपर्यंत ती फरशीवर बसली होती. तिनं दारावर दोनदा वाजवलं.

"आले गं बाळ," ती म्हणाली.

सगळं शांत झालं.

खोलीत गारवा आला, दिवा फडफडला, असलं काही झालं नाही. नुसती शांतता. कुणीतरी श्वास धरून ऐकत असावं, तशी.

मग अगदी जवळून, आईच्या खांद्यापाशी... एक उसासा. मीही ऐकला.

आणि मग काहीच नाही.

आई खाटेला धरून उठली. "तिला कळलं रे," ती म्हणाली. "हा हात आईचा नाही, हे तिला कळलं."

दुसऱ्या दिवशी पावणेपाच वाजले, पाच वाजले, साडेपाच वाजले. दार वाजलं नाही.

त्यानंतर कधीच नाही.

काकूंचं ऑपरेशन चांगलं झालं. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. चेहऱ्यावर रंग आला होता. काका सगळ्या गल्लीला सांगत फिरत होते, "इंजिन नवीन टाकलंय!"

त्याच दिवशी, पावणेपाचला, मी आतल्या खोलीत एकटाच होतो.

टक टक.

पण आवाज पलीकडून होता.

काकू.

मी दारापाशी गेलो. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या थांबल्या. पुन्हा वाजवलं. टक टक.

मी हात उचलला. बोट दारापासून चार अंगुळांवर होतं. वाजवलं असतं तर... तर काय झालं असतं? आजही ठरवता येत नाही.

मी हात खाली घेतला.

पलीकडून हळू आवाज आला, "आहेस का रे तिथे?"

"आहे, काकू."

"काहीच नाही ना?"

"नाही, काकू. काहीच नाही."

या वेळी मी खोटं बोललो नव्हतो.

वर्ष पुरं होताच आम्ही ते घर सोडलं. टेंपोत सामान चढवताना काकांनी मला बाजूला घेतलं. सवयीनं माझा खांदा थोपटला आणि हात तिथेच राहिला.

"मलाही ऐकू यायचं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"हो म्हणालो असतो तर ही त्या दाराला चिकटूनच मेली असती. पोर तर गेलीच होती. हिला तरी..." त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि टेंपोची दोरी ताणून बघितली.

आता आम्ही दुसऱ्या गावी राहतो. काकू चांगल्या आहेत. दर महिन्याला फोन करतात. दुपारी झोपतात म्हणे, गाढ. परवाच मला म्हणाल्या, "तू त्या दिवशी खरं बोललास म्हणून मी आज आहे रे. नाहीतर वेडीच झाले असते मी."

मी "हो काकू" म्हणालो आणि फोन ठेवला.

आई समोर बसून सगळं माझ्या चेहऱ्यावरून वाचत होती. तिला कोण, काय, हे सांगावं लागलं नाही.

मग तिनं विचारलं, "ती पोर कुठे गेली असेल रे?"



"तिला तर चालताही येत नव्हतं," आई म्हणाली.