साखराबाईचा टाक

निलंग्याला जाऊन टाक उजळून आणायचा, एवढंच काम होतं. चैत्र सरत आला होता, ऊन मी म्हणत होतं. एसटीत व्यंकटीला मी खिडकीशी बसवलं. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा, माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक. उतरताना कंडक्टर म्हणाला, "आजी, पोराला सांभाळून हं." पोरगं साठीला आलेलं.

टाक कसला ते सांगते, नाहीतर हल्लीच्या मुलींना वाटायचं लॉकेट. आमच्याकडं पहिली बायको मेली आणि दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. का, तर सवतीनं छळू नये. मी भुजंगरावांची दुसरी. पहिली साखराबाई व्यंकटीच्या बाळंतपणात गेली. मी आले तेव्हा तो रांगत होता. सासूनं डोरल्याशेजारी टाक ओवला आणि म्हणाली, "हिच्यापुढं धाकटीवानी राहायचं." मी मनात म्हटलं, मेलेलीला काय भ्यायचं?

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. व्यंकटी पाटीवर जे गिरवायचा तेच मी चुलीपुढच्या राखेत गिरवलं, आणि पुढं तालुक्याच्या वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढली. पुस्तकांत दागिने फार. तिथं हार चोरीला जातो, अंगठी हरवते, राजा खूश झाला की गळ्यातला कंठा काढून देतो. लिहिणाऱ्यांनी दागिना बहुधा डब्यातच बघितलाय. अंगावर झिजलेला दागिना काय असतो ते त्यांना विचारू नका. तो तुमचा घाम पितो. तुम्हाला ताप आला की तोही तापतो. भुजंगराव गेले तेव्हा बायका माझे मणी उतरवायला बसल्या. मी म्हटलं, "मणी काढा, डोरलं काढा. हिला हात लावाल तर बोटं मोडीन. नवरा गेला, ही कुठं गेलीय?" कुणी हात लावला नाही.

आता व्यंकटीची नजर काचबिंदूनं आटत चालली होती. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दिवाळीपर्यंत राहील न राहील. घरी आल्यावर तो भाकरी मोडत बसला, खाईना.

"माय, डोळे जायच्या आत येक बघायचं होतं."

"काय?"

"तिचं तोंड."

हल्ली कुणी मेलं तरी त्याचे पन्नास फोटो मोबाईलवर सापडतात. साखराबाईचा एक नाही. तिला पाहिलेली माणसं सगळी मातीत गेली. उरला टाक, आणि माझ्या छातीवर घासून घासून त्याचं तोंड पुसलेलं. ज्याला मी भरवलं, वाढवलं, तो आयुष्याच्या शेवटच्या उजेडात दुसरीचं तोंड मागत होता. मला लागलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण मी उठले. म्हटलं, "खा गपचिप. उजळून आणू."

करीमभाईंचं दुकान निलंग्याच्या जुन्या गल्लीत, खोल आणि अंधारं. देवांचे टाक ते करतात, त्यांचे अब्बाही करायचे. टाक हातात घेऊन ते हसले.

"मावशी, सवतीला इतकं जपणारी बाई नाही पाहिली मी."

"नवऱ्यापेक्षा हिचीच सोबत जास्त झाली," मी म्हटलं. "तिचं तोंड वर आणा."

त्यांनी टाक खाली ठेवला. मग फळीवरून लोखंडाचा एक ठसा काढून व्यंकटीच्या हातात दिला. त्यात एक बाई कोरलेली. गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके.

"खरं सांगू का, भाऊ? समद्या बायकांना ह्योच ठसा मारतो आम्ही. अब्बाही ह्योच मारायचे. तोंड असं कुणाचंच नसतंय ह्यात."

व्यंकटी त्या ठशावरून बोट फिरवत राहिला. किती वेळ कोण जाणे.

"म्हंजे ती न्हाईच ह्यात," तो म्हणाला.

घरादारानं जिला नमस्कार केला, जिला मी लुगडी दाखवली, ती लोखंडाच्या साच्यातली कुणीही बाई होती. करीमभाई म्हणाले, "चांदी तापवून मऊ करतो आन् ठसा पुन्ना मारतो. कुणाची का असंना, बाई दिसंल तरी."

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी शेगडीतल्या निखाऱ्यावर टाक ठेवला आणि फुंकणी तोंडाला लावली. तेवढ्यात लाईट गेली. बाहेर उन्हानं डोळे दिपत होते, आत मात्र तेवढा निखारा. फुंकणीचा आवाज… थांबायचा, पुन्हा यायचा. चांदी काळी पडली, मग लाल होऊ लागली. आणि मला वास आला. चांदीचा नव्हे. ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या सालींची धुरी. बाळंतिणीच्या खोलीचा वास. गल्लीत कुणाचं बाळंतपण असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

करीमभाईंनी फुंकणी खाली ठेवली. निखारा विझायला हवा होता. तो तसाच फुलत होता, मंदावत होता, फुलत होता… कुणीतरी श्वास घ्यावा तसा.

"या अल्ला," ते पुटपुटले. "मी ठसा मारलाच न्हाई अजून…"

टाकावर तोंड उठत होतं.

गोल नव्हतं ते. निमुळतं. खालचा ओठ जरा पुढं, एक भुवई मध्येच तुटलेली, भांग वाकडा, घाईत पाडलेला. नखाएवढ्या चांदीवर हे सगळं मावणार नाही हे मला कळत होतं, आणि मी ते बघत होते. मी देवळात गेलेय, महापूर पाहिलाय, किल्लारीचा भूकंप पायाखालून गेलाय. माझे हात आपोआप कधी जोडले गेले नव्हते. तेव्हा जोडले गेले.

व्यंकटीनं चष्मा काढला आणि आचेपर्यंत वाकला.

"दिसतंय का रे?" मी हळूच विचारलं.

"हाव." मग म्हणाला, "माय… हिला तर मी वळखतो."

"कसा वळखशील? तुला जन्म दिला आन् गेली ती."

"लहान होतो तवा घरात असायची की. तू निजलीस की तुझ्या उशाला बसायची. मला वाटायचं, आपली कुणी आत्या असंल."

करीमभाईंनी तोंडावर हात धरला. निखारा एकदा फुलला आणि काळा पडला. लाईट आली. टाक होता तसाच, गुळगुळीत, पाटीसारखा. मी ठसा मारू दिला नाही. करीमभाईही मारणार नव्हते. ठसा त्यांनी फळीवर उलटा करून ठेवला.

परतीच्या एसटीत मी त्याला पुन्हा खिडकीशी बसवलं. औराद फाटा गेल्यावर मी विचारलं, "बसून करायची काय ती?"

"तुझ्या छातीवर हात ठिवून बसायची. श्वास चालू हाय का बघत."

"आन् तुझ्याकडं?"

"माझ्याकडं कधी बघितलंच न्हाई." तो खिडकीकडं तोंड करून होता. "तू गेलीस तर मला कोण, ह्याचाच घोर असंल तिला."

मी पदराआड टाक मुठीत धरला. सवत म्हणून जिला मी उभ्या जन्मात एकदाही ताई म्हटलं नव्हतं, तिला मनात म्हटलं.

व्यंकटीचे डोळे दिवाळीच्या आधीच गेले. तो रडला नाही. बघायचं ते बघून झालं, म्हणाला. दिवेलागणीला मी त्याच्या बाजेवर बसते, त्याचा हात हातात घेते, पेपर वाचून दाखवते. परवा बाजारभाव वाचत होते. त्यानं मध्येच थांबवलं. चेहरा शांत होता, जरासा हसरा.

"माय, ह्यातला तुझा हात कोणता?"

माझ्या एका हातात पेपर होता. दुसऱ्यात त्याचा डावा हात. त्याचा उजवा हात बाजेच्या पलीकडच्या कडेला गोधडीवर मोकळाच पडला होता, बोटं कशाभोवती तरी मिटल्यासारखी. त्या हाताच्या पाठीवर चार बोटांचे खळगे पडले होते. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूच आणखी खोल गेले.